बातमीवालीचा मान

माझी आई धवलारीण आहे. ज्यांना हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्या आगरी लग्नात प्रत्येक विधीला गाणं लागतं, त्या गाण्याला धवला म्हणतात, आणि तो गाणारी बाई म्हणजे धवलारीण. मांडव घालायचा तर धवला, हळद कुटायची तर धवला, नवऱ्याला आंघोळ घालायची तरी धवलाच. भटजीही येतो, पण तो उशिरा आला तर चालतं. धवलारीण उशिरा आली तर चूल पेटत नाही. माझी आई शाळेत गेलेली नाही, आणि उरणच्या आसपासच्या कुठल्याही गावात तिला आजवर कोणी गाता गाता थांबवलेलं नाही.

मला मात्र येता जाता कोणीही थांबवतं. मी बातम्या देते. मोठ्या पेपरात नाही, टीव्हीवरही नाही. माझा एक मोबाइल, एक माइक, आणि गावोगावचे लोक बघतात ते इंटरनेटवरचं माझं छोटंसं चॅनेल. नळाला पाणी नाही, मिठागरात कोणी भराव टाकला, शाळेचं छप्पर उडालं, अशा बातम्या. पनवेलला कॉलेज केलं, नवी मुंबईत एका एसी ऑफिसात नोकरी केली, तिथे रोज तेच तेच ईमेल लिहून डोकं उठलं आणि घरी परत आले. आईला माझं हे काम कधीच काम वाटलं नाही. कोणी विचारलं की ती म्हणायची, "मोबाइल हालवीत फिरतं."

ती हे असं म्हणाली की मला भयंकर राग यायचा. राग मला तसाही लवकर येतो, त्यात तिचा आवाज एवढा गोड की ऐकणाऱ्याला ते कौतुकच वाटायचं.

आता रस्त्याचं सांगते, कारण सगळं त्यावरून झालं. आमच्या गावात शिरायला एकच रस्ता. बंदराचा हायवे सोडून फाट्याला वळलं की एका अंगाला जुनी मिठागरं, दुसऱ्या अंगाला कंटेनर ठेवायचं यार्ड, आणि पुढे गाव. फाट्यावर भलंमोठं उंबराचं झाड. यार्डात जायची पाळी येईपर्यंत ट्रेलर या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी उभे राहायचे आणि मधून जेमतेम रिक्षा जाईल एवढी फट राहायची. कधी तीही राहायची नाही. ट्रेलरवाल्यांशी आमचं भांडण नाही. गावातली निम्मी घरं ट्रेलरवरच चालतात. भांडण होतं यार्डाच्या मॅनेजरशी. कोणीही कितीही वेळा जाऊन सांगा, त्याचं एकच उत्तर ठरलेलं: आत जागा नाही.

मागच्या पावसाळ्यात एक बाळंतीण याच रस्त्यात रिक्षात अडकली आणि तिथेच मोकळी झाली. आई आणि बाळ दोघंही ठणठणीत. बारशाला आत्याने कानात जे नाव सांगितलं ते कागदावरच राहिलं, अख्खं गाव त्या पोराला कंटेनर म्हणतं. त्याची आई हे ऐकून चवताळते आणि मग स्वतःच हसायला लागते. पण पुढच्या वेळी हसायला मिळेलच असं कोणी सांगावं? म्हणून बायकांनी ठरवलं, आता रस्त्यात बसायचं.

त्या बसल्या, आणि मी शूटिंग करायला उभी राहिले. पोलीस आले, बायकांना उचलून गाडीत घालायला लागले. गाडी वळवायला रस्त्यात जागा नव्हती, तेव्हा यार्डाच्या वॉचमनने धावत येऊन फाटक उघडलं आणि पोलिसांची गाडी आत जाऊन वळून आली. फाटकाच्या आत काय होतं? मोकळं मैदान. क्रिकेटचे सामने भरवावेत एवढं मोकळं. कोपऱ्यात थोडे कंटेनर रचलेले, बाकी गवत आणि बगळे. मी ते सगळं मोबाइलमध्ये घेतलं. गाडीत कोंबलेल्या बायका, त्यांच्यामागे ते फाटक, आणि फाटकाच्या आत ती जागा, जी नव्हती.

मग मागून एक हात आला आणि मोबाइल गेला.

बायकांना त्याच दिवशी सोडलं. माझा मोबाइल सोडला नाही. तपासाला लागेल म्हणाले, पण जप्तीचा कागद काही केला नाही. मी पासवर्ड सांगितला नाही, त्यांनीही फार खोदून विचारलं नाही. नुसता कपाटात ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी आल्या, महिलांनी पोलिसांशी हुज्जत घातली. त्या आतल्या मैदानाबद्दल कुठेच काही नाही. असणार कसं? ते फक्त माझ्या मोबाइलमध्ये होतं.

पोलीस ठाण्याचे साहेब नवीन होते. देशावरचे, वयाने माझ्याएवढेच, आमच्या दमट हवेने हैराण झालेले. माणूस वाईट नव्हता, हे मी आता म्हणू शकते. तेव्हा म्हणाले नसते.

"ताई, तुमचं पत्रकाराचं कार्ड दाखवा," ते म्हणाले.

"माझ्याकडे कार्ड नाही."

"मग तुम्ही पत्रकार कशा?"

"साहेब, बातमीला कार्ड लागत नाही. पत्रकार परिषदेच्या जेवणाला लागतं."

टेबलाशी उभा असलेला हवालदार फिस्सकन हसला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. साहेब हसले नाहीत. त्यांनी सरळ सांगितलं, यापुढे बंदोबस्ताचं चित्रण करणार नाही अशी हमी लिहून द्या आणि मोबाइल घेऊन जा. मी म्हटलं, देणार नाही. ते म्हणाले, मग राहू द्या इथेच. तेवढ्यात फाट्यावर जमावबंदीचा आदेश लागला. घोषणा नाही, फलक नाही, एकत्र बसणं नाही. ट्रेलर मात्र एकत्र उभे राहू शकत होते.

मोबाइलशिवाय मी म्हणजे घरात बसलेली एक चिडकी बाई. दुसऱ्याचा मोबाइल मागून बघितला, पण चॅनेलची चावीच माझ्या मोबाइलमध्ये. लोक रस्त्यात अडवून विचारायचे, बातमी कधी येणार? आणि मी वाट बदलून जायचे. शेवटी एका संध्याकाळी मी आईला म्हटलं, "देऊन टाकते लिहून. निदान मोबाइल तरी मिळेल."

आई पडवीत निवट्या, म्हणजे खाडीच्या चिखलातले मासे, साफ करत होती. मान वर न करता तिने विचारलं, "काय लिवून देवाचा हाय?"

"की पोलीस असतील तिथे शूटिंग करणार नाही."

"मंग कशाचा करशील?"

"करेन काहीतरी. वाढदिवस, क्रिकेटचे सामने, देवीची जत्रा."

तिने आणखी एक निवटी राखेत घोळली. मग म्हणाली, "ह्या म्हंजे मना सांगल्यासारका हाय, हलदीला गा, पन नवऱ्याचा नाव घेव नको."

एवढ्या वर्षांत तिने पहिल्यांदाच तिचं काम आणि माझं काम एका वाक्यात घेतलं होतं. मला रडूच यायला लागलं, पण निवट्यांसमोर रडणं बरं दिसत नाही म्हणून मी पाणी आणायला आत गेले. बाहेर आले तर तिचा विषय संपला होता. एवढंच म्हणाली, "शेजारचा लगीन होवंदे. मंग बग काय लिवाचा तो लिव."

शेजारच्या काकूंच्या मुलाचं लग्न तोंडावर आलं होतं. हळदीच्या दिवशी सकाळी वाजतगाजत जाऊन उंबराची फांदी आणायची आणि मांडवाला बांधायची, ही आमची रीत. उंबर कुठला? फाट्यावरचा. दुसरा उंबर गावात नाहीच. जमावबंदी असल्यामुळे नवऱ्याचा बाप, म्हणजे आमचे काका, रीतसर ठाण्यात गेले, अर्ज केला, आणि साहेबांनी परवानगी दिली. का देणार नाहीत? लग्न आहे, बायका गाणार, फांदी तोडणार, परत जाणार. दहा-पंधरा मिनिटांचं काम.

तिथेच साहेब फसले. त्यांच्याकडच्या लग्नात असेल दहा मिनिटांचं. आमच्याकडे उंबराला मांडवात बोलवायचं तर आधी बाकी सगळ्यांना बोलवावं लागतं. देवांना, मग वाडवडिलांना, मग कामकरी लोकांना. ज्याला ज्याला गाण्यात बोलावलं त्याने पुढे यायचं, आपल्या हातची वस्तू उंबराच्या मुळाशी ठेवायची आणि मान घ्यायचा: नारळ, विडा आणि कपाळाला हळद. कुंभाराने मडकं ठेवायचं, सुताराने पाट, वाजंत्र्याने आपलं वाद्य टेकवायचं. वस्तू आल्याशिवाय पुढची ओळ नाही, आणि सुरू झालेला धवला अर्धा सोडायचा नाही. माझ्या आतेभावाच्या लग्नात कुंभार चुकून भलत्याच गावी गेला होता. तो मडकं घेऊन येईपर्यंत अख्खी हळद उन्हात खोळंबली आणि नवऱ्याने भुकेने पूजेची केळी खाऊन टाकली. कोणी तक्रार केली नाही. गाणं थांबलंय म्हटल्यावर थांबायचं, एवढं आमच्या लहान पोरांनाही कळतं.

हळदीची सकाळ उजाडली. गावातल्या झाडून सगळ्या बायका निघाल्या. हळद म्हणून सगळ्यांच्या पिवळ्या साड्या. पुढे सनई-ताशा, मागे आई, तिच्यामागे मी रिकाम्या हातांनी. फाट्यावर ट्रेलर नेहमीसारखे उभे, आणि साहेब चार शिपाई घेऊन उभे. त्यांनी सगळं नीट बघून घेतलं. फलक नाही, घोषणा नाही, हातात दगड नाही. ताटात हळद, पान, सुपारी.

"बसू नका," साहेब म्हणाले. "उभ्याउभ्या करा."

"बसल्याबिगर धवला नाय व्हत, सायब," आई म्हणाली.

"मग रस्ता सोडून बसा."

"सावली पल्ली हाय थय बसतू. उनात म्हाताऱ्या बाया मरतील."

सकाळच्या वेळी त्या उंबराची सावली बरोबर रस्त्यावर पडते. कडेपासून कडेपर्यंत. सावलीने कुठे पडावं यावर काही जमावबंदी लागू होत नाही, आणि बायका सावलीत बसल्या.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "किती वेळ लागेल, आजी?"

"गाना सरंपर्यंत," आईने अगदी खरं उत्तर दिलं.

त्यांच्या शेजारी तोच हवालदार होता, खिडकीबाहेर बघणारा. तो आमच्याच पट्ट्यातला. त्याने टोपी काढून घाम पुसला आणि हळूच म्हणाला, "सायब, खुर्ची मागवू काय? बसून घ्या तुमी."

आईने डोळे मिटले, पदर सारखा केला आणि गायला लागली.

*बोलवा गो बोलवा, वेशीच्या देवाला बोलवा,*
*मांडवाला येवाला त्याला वाट द्या.*

मागून बायकांनी ओळ उचलली. त्याला वाट द्या. एवढ्या बायका एकदम गायला लागल्या की आवाज कानात नाही, छातीत वाजतो. मग खाडीच्या देवाला बोलावलं, त्याला वाट द्या. मग बांधावरच्या देवीला, तिला वाट द्या. या ओळी आईने मुद्दाम रचल्या का, असं मला पुढे खूप जणांनी विचारलं. नाही. लहानपणापासून मी हाच धवला ऐकत आलेय. देवांना बोलवायचं तर वाट मोकळी पाहिजे, हे आमच्या खापरपणज्यांनाही माहीत होतं. फक्त तेव्हा वाटेत ट्रेलर नव्हते.

सगळ्यात पुढच्या ट्रेलरचा ड्रायव्हर खाली उतरला. उत्तर प्रदेशातला असावा, खांद्यावर गमछा. त्याने आमच्यातल्या एका मावशीला विचारलं, "माताजी क्या बोल रही हैं?"

मावशीने तिच्या हिंदीत सांगितलं, "भगवान आ रहा है. उसकू जाने का रास्ता नहीं, इसलिए रास्ता मांगती है."

त्याने एकदा आईकडे बघितलं, एकदा आपल्या ट्रेलरकडे बघितलं. मग हात जोडले, वर चढला, आणि तो अवाढव्य ट्रेलर इंच इंच मागे घेत यार्डाच्या भिंतीला नेऊन टेकवला. मागच्याने बघून आपला घेतला. देवाला जाण्यापुरती वाट झाली. बायकांनी असा गलका केला की उंबरावरचे कावळे उडाले. मॅनेजर फाटकातून बाहेर आला, बघून आत गेला, पुन्हा बाहेर आला. त्याला कोणी बोलावलेलं नव्हतं. गाण्यातही नाही आणि एरवीही नाही.

साहेबांच्या गालाला एव्हाना कोणीतरी हळद लावली होती. त्यांना कळलंही नाही. एक म्हातारी सरबत घेऊन आली, ते नको म्हणाले, तिने ग्लास हातात कोंबला, मग ते प्याले. मला मनापासून मजा यायला लागली होती. पण माझ्या आयुष्यातली सगळ्यात भारी बातमी माझ्यासमोर बसून गात होती आणि माझे हात रिकामे होते.

वाडवडील झाले. कामकरी सुरू झाले. कुंभाराला बोलावलं, त्याने मडकं ठेवलं, मान घेतला. सुताराने पाट ठेवला. ताशेवाल्याने ताशा टेकवला. साहेब उठून उभे राहिले, कारण आता संपलं असं त्यांना वाटलं. मलाही तसंच वाटलं. ताशेवाल्यानंतर उंबराचीच पाळी असते. आईने श्वास घेतला आणि गायली:

*बोलवा गो बोलवा, बातमीवालीला बोलवा,*
*चार गावां सांगाला तिला वाट द्या.*

बायका क्षणभर अडखळल्या. ही ओळ कोणालाच माहीत नव्हती. मग सगळ्यांत आधी कंटेनरच्या आईने उचलली, तिला वाट द्या, आणि मग सगळ्यांनी. पिवळ्या साड्या दोन्ही बाजूंना सरकल्या आणि मधे वाट झाली. काकू नारळ आणि विडा घेऊन झाडाशी उभ्या.

मी चालत पुढे गेले. आईने माझ्याकडे बघितलं, आणि जशी कुंभाराला विचारते तशीच, परक्या आवाजात विचारलं, "काय आनलाय?"

"काही नाही," मी म्हटलं. "माझी वस्तू ठाण्यात आहे."

आईने मान हलवली आणि गाणं थांबवलं.

थांबवलं म्हणजे थांबलंच. कोणी कुजबुजलं नाही, कोणी साहेबांकडे बोट दाखवलं नाही. बायकांनी पाय मोकळे केले, एकीने पानाचा डबा काढला, दोघींनी पोरांना मांडीवर झोपवलं. आतेभावाच्या लग्नात कुंभाराची वाट बघत बसल्या होत्या, तशाच बसल्या. मागे हायवेपर्यंत रांग लागली होती आणि हॉर्न वाजत होते.

"आता काय झालं?" साहेबांनी विचारलं.

हवालदाराने त्यांना बाजूला घेऊन सगळं समजावलं. वस्तू आल्याशिवाय पुढची ओळ नाही. ओळ नाही तर उंबर नाही. उंबर नाही तर मांडव नाही, हळद नाही, लग्न नाही. "माज्या लग्नाला यांनीच गायलाय, सायब," तो म्हणाला. "यांना उठवला तर आय मना घरान घेनार नाय."

साहेब आईजवळ आले. "आजी, हे तुम्ही मुद्दाम करताय."

"गाव कामाच्या मानसाला बोलवताय, सायब. कामाच्या मानसाकरं त्याची वस्तू पायजे. कुंभाराचा चाक तुमी घेव ठेवला असता तं मी तुमाला त्योच मागला असता."

कामाचं माणूस. ती हे बोलून गेली, आणि मी तिथे सगळ्यांसमोर उभी राहून रडले. काकूंनी पदराने माझे डोळे पुसले आणि पुसता पुसता सगळ्या तोंडाला हळद फासली.

साहेबांनी बायकांकडे बघितलं, रांगेकडे बघितलं, माझ्या पिवळ्या तोंडाकडे बघितलं. मग त्यांचा हात आपल्या गालाकडे गेला, बोटांना हळद लागली, आणि मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. थोडंसंच, पण हसले. हवालदाराला म्हणाले, "कपाटातून आणा."

"आनि ती हमी, सायब?"

"कागदबिगद काही आणू नका. फक्त मोबाइल आणा."

हवालदार मोटारसायकलवर गेला तो नव्या नवऱ्यासारखा गेला. परत आला तेव्हा लांबूनच त्याने हात उंच केला होता, हातात माझा मोबाइल. बायकांनी टाळ्या वाजवल्या, ड्रायव्हरांनी हॉर्न वाजवले, आणि हे हॉर्न मगासच्यासारखे नव्हते. मी मोबाइल घेतला, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. एवढे दिवस कपाटात पडून त्याची बॅटरी पार मेली होती.

"सुरू नाही होत," मी आईला हळूच म्हटलं.

"कुंभाराचा मरका तरी कवा भरलेला असतंय?" ती पुटपुटली. "ठेव."

मी काळाठिक्कर मोबाइल उंबराच्या मुळाशी ठेवला. त्याच्यावर हळद वाहिली, कुंकू वाहिलं, काकूंनी माझ्या ओटीत नारळ घातला. आईने डोळे मिटले आणि राहिलेला धवला पहिल्यापेक्षा वरच्या पट्टीत गाऊन पुरा केला. फांदी उतरली, मिरवणूक निघाली, रस्ता मोकळा झाला. साहेब आमच्याबरोबर मांडवापर्यंत चालत आले. बंदोबस्ताला, असं ते म्हणाले. जेवून गेले.

त्या दिवशी दुपारी मोबाइल चार्ज झाला आणि संध्याकाळी मैदान, बगळे, फाटक आणि गाडीतल्या बायका सगळ्या जिल्ह्याने बघितल्या. मॅनेजरला आत जागा सापडली. आता ट्रेलर आत उभे राहतात. अगदी रोज नाही, पण नाही राहिले की मी जाऊन उभी राहते आणि मला बघून वॉचमन फाटक उघडतो. साहेबांची पुढे बदली झाली. जाताना त्यांनी मला ठाण्यात बोलावलं, चहा पाजला आणि म्हणाले, चित्रण करताना जरा लांब उभ्या राहत जा. मी म्हटलं, बघते. माझ्या मोबाइलच्या स्पीकरच्या जाळीत हळद अजून अडकलेली आहे, त्यामुळे रिंग वाजली की सर्दी झाल्यासारखी वाजते. दुकानदार साफ करून देतो म्हणतो. मी देत नाही.

आई अजूनही माझ्या बातम्या बघत नाही. तिला चष्मा लागलाय आणि तो घालायचा नाही. कोणी विचारलं तर अजूनही म्हणते, मोबाइल हालवीत फिरतं. मला अजूनही राग येतो.

पण या वैशाखात मी पेणकडे एका मैत्रिणीच्या नात्यातल्या लग्नाला गेले होते. लांबचं गाव, मला तिथे कोणी ओळखत नव्हतं, आणि मी फक्त जेवायला गेले होते. अंगणात उंबराची फांदी आली, आणि तिकडच्या रीतीप्रमाणे तिथेच त्यांची धवलारीण गायला बसली. आईपेक्षाही म्हातारी, तोंडात दात नाहीत. देव झाले, वाडवडील झाले. कुंभार, सुतार, ताशेवाला. मी ताटातलं वरण बोटाने चाटत होते.

*बोलवा गो बोलवा, बातमीवालीला बोलवा,* म्हातारी गायली. *चार गावां सांगाला तिला वाट द्या.*

हजार वर्षं गात आल्यासारखी सहज. मागच्या बायकांनीही ती सहज उचलली. मग म्हातारी थांबली आणि वाट बघायला लागली. बायका इकडेतिकडे बघायला लागल्या, कारण त्या गावात बातमीवाली कोणी नव्हती. यजमानीण नारळ घेऊन ताटकळली. कोणीतरी म्हणालं, ती कोन असतंय? कोणीतरी म्हणालं, असंल कोनतरी, गान्यात हाय म्हंजे पायजेच.

मी ताट खाली ठेवलं, हात धुतले, पिशवीतून मोबाइल काढला आणि उभी राहिले. बायकांनी बघितलं आणि सरकून मला वाट दिली.